कोमल गोळी खात नाही

पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत दुपारी झरोक्यातून रुमालाएवढं ऊन उतरायचं आणि कोमल त्याला चिकटून बसायची. ऊन भिंतीकडे सरकलं की तीही सरकायची; डोळे मात्र दारावर, झोपेतही कान उभे ठेवणाऱ्या मांजरासारखे. वय आठ, पण नजर पंचनाम्याला आलेल्या फौजदाराची.

ती आईबरोबर सिंधमधून आमच्या कॅम्प पाचच्या गल्लीत आली, मामाकडे. मामा म्हणजे आमचे शेजारी, पापडवाले परमाशेठ. व्हिसा संपला, मायलेकी परत गेल्या नाहीत. मग एका सकाळी साध्या कपड्यातला फौजदार खिसाभर लिमलेटच्या गोळ्या घेऊन गल्लीत शिरला आणि लाडालाडानं पोरांना विचारत सुटला, "काय रे, गाव कुठलं तुझं?" आता सिंध्यांच्या घरात पोरगं इथं जन्मलं तरी गाव आजोबांचं सांगतं. एक म्हणालं शिकारपूर, दुसरं लाडकाणा, तिसरं सख्खर. आईनं पढवून ठेवलेली कोमल तेवढी म्हणाली, "उल्हासनगर, कॅम्प पाँच." अख्ख्या गल्लीत इथलं गाव सांगणारं एकच पोर निघालं, आणि तेच इथलं नव्हतं. फौजदारानं तिला दोन गोळ्या दिल्या, आणि संध्याकाळी मायलेकींना चौकीत नेलं.

तेव्हापासून गोड काही तिच्या घशाखाली उतरेना. मी डबा घेऊन जायचो. कॉलेजचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. बिस्कीट दिलं की ती आधी हुंगायची, मग आईला खायला लावायची, आईचा चेहरा बराच वेळ निरखायची, आणि तरीही नको म्हणायची. मी तिला हसवायला फौजदाराचा घोगरा आवाज काढला, परमाशेठचं नाकातलं बोलणं काढलं. बाहेर हवालदारकाका पोट धरून हसले. कोमलनं शांतपणे विचारलं, "इसमें तेरावाला कौनसा है?"

खोली जुन्या निर्वासित बराकीतली. फाळणीनंतर परमाशेठचे वडीलही असल्याच बराकीत उतरले होते. फक्त त्यांच्या दाराची कडी आतून होती.

"पोरांना कोठडीत ठेवायचा कायदाच नाय," हवालदारकाका मला समजवायचे. "हिला आम्ही ठेवलेली नाय बाबा. ही आईजवळ राहिलीय." आणि जाताना बाहेरून कडी घालायचे. त्या खणखणाटाला तिचे खांदे दर वेळी कानापर्यंत चढायचे, मग हळूहळू उतरायचे, थंडीत अंग आखडलेल्या चिमणीसारखे.

एका संध्याकाळी मात्र सगळे एकाएकी मऊ झाले. फौजदाराच्या हातात नवा गुलाबी फ्रॉक, दारात परमाशेठ. पोरीला मामाकडे जाऊ द्यायचं ठरलं होतं. आई दोन दिवसांत सुटेल म्हणे. परमाशेठचे डोळे भरून आले. "अरे, तू बोल ना उसको. तेरा सुनेगी." मलाही वाटलं, पोरीची जागा गल्लीत आहे. नकला बाजूला ठेवून मी म्हणालो, "चल कोमल. घर चल."

तिनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "अमां भी?"

हवालदारकाकांनी घसा खाकरला. "येईल ना... नंतर."

तिनं आईच्या ओढणीचं टोक आपल्या मनगटाभोवती गुंडाळलं आणि दातांनी गाठ आवळली. "तो मैं भी बाद में."

आईला सीमेकडे न्यायला गाडी दुसऱ्याच सकाळी आली. नेणार होते फक्त आईला. गाठ काही सुटेना, कोमल काही बोलेना. शेवटी वैतागून दोघींना एकदमच गाडीत चढवलं. परमाशेठ गाडीमागे धावले, मी उभाच राहिलो. आम्ही सगळे मिळून किती प्रेमानं त्या पोरीला आईपासून तोडत होतो, हे मला गाडीचा धूर विरल्यावर कळलं.

आता ती चौदा-पंधराची असेल. तिकडे काळ तिला वाढवत असेल, इकडे मात्र तो तिच्या वयाला हात लावत नाही. जाणारी माणसं मागे आठवण ठेवून जातात म्हणे. कोमल गोड बोलण्यावरचा आपला संशय माझ्याकडे ठेवून गेली, आणि इतक्या वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही.