शेष आणि शाईची सुई

मित्रांनो, मी एक जुने भूकंपमापक यंत्र आहे. जमीन हलली की माझी शाईची सुई थरथरते आणि फिरत्या कागदावर वेडीवाकडी रेघ उमटते. एवढेच माझे काम. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका संस्थेच्या तळघरात मी ते वर्षानुवर्षे केले.

त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूरकडे मोठा भूकंप झाला. माझी सुई कागदाबाहेर गेली. पत्रकार आले, माझे फोटो निघाले. मला ते कौतुक रुचले नाही. मी जे सांगितले, ते सगळे घडून गेल्यावर.

काही महिन्यांनी तिकडचाच उत्तरेश्वर आमच्याकडे पहारेकरी म्हणून लागला. भूकंपात त्याची बायको गेली होती. सोबत त्याची आई होती, तुळजाबाई. त्या छताखाली झोपत नसत. थंडीतही फाटकाजवळ पोते अंथरून बसून राहत. एकदा त्या तळघर झाडायला आल्या, तेव्हा माझी देखभाल करणारे तरुण शास्त्रज्ञ माधव म्हणाले, "आजी, आत झोपा हो. ही इमारत पडायची असती, तर आमच्या साहेबांच्या ओरडण्यानेच पडली असती."

त्या हसल्या नाहीत. "इमारतीला भीत न्हाई, लेकरा. म्या जिथं निजंन, ते घर पडंल."

मग त्यांनी सांगितले. पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे, म्हणून नागपंचमीला जमीन खणायची नाही. पण भूकंपाच्या साली पंचमीला पावसाचे पाणी घरात शिरू लागले आणि त्यांनी अंगणात चर खणला. "माझं खोरं त्याच्या फण्याला लागलं. दोन महिन्यांनी त्यानं अंग झटकलं अन् सून गेली."

माधव खडकांबद्दल, त्यांच्यातल्या ताणाबद्दल बरेच बोलले.

"खडकाची माफी कशी मागू?" तुळजाबाईंनी विचारले.

तेव्हा मला उमगले, पूर्वीच्या माणसांनी शेष का रचला. त्यांच्याकडे माझ्यासारखी सुई नव्हती. खडक ऐकत नाही. नाग निदान दुधाने शांत होईल. पण रागावणारा कोणी मानला, की त्याला राग आणणाराही शोधावा लागतो. तुळजाबाईंना तो स्वतःतच सापडला होता.

माधवांनी हळूच विचारले, "आजी, जमीन पहिल्यांदा कधी गुरगुरली?"

"आदल्या सालीच की. भांडी वाजायची. लोक रानात निजायचे."

"तेव्हा पंचमीला खणलं होतं?"

"छ्या! खोऱ्याला हातबी लावला न्हाई."

"मग तेव्हा शेष कशानं हलला?"

तुळजाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग फरशीवर बसून इतक्या रडल्या, की माझी सुई बारीक थरथरली. त्या दिवसापासून त्या लेकाच्या खोलीत झोपू लागल्या.

पुढच्या पंचमीला त्यांनी माझ्या पायाशी लाह्या आणि दुधाची वाटी ठेवली.

"अहो आजी, याला दूध नको, तेल लागतं," माधव म्हणाले.

"तेल तुमी घाला की. दूध माझं."

आता माझे काम संगणक करतो. हिंजवडीला निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, नव्या इमारतींचे पाये खणणारी यंत्रे, यांच्यामुळे ही जमीन क्षणभर गप्प बसत नाही. माझी शाई वाळली आहे, सांधे गंजले आहेत. शाळेच्या सहलीत मला पाहायला आलात, तर माझ्यावरची धूळ तेवढी पुसा.

आणि मित्रांनो, शेषाच्या गोष्टीला हसू नका. घाबरलेल्या माणसांनी ती धीर धरायला रचली, ती जपा. पण तीच गोष्ट कुणा तुळजाबाईंच्या माथी दोष मारू लागली, तर त्यांच्याजवळ बसा आणि हळूच विचारा, "आजी, आदल्या साली काय झालं होतं?"