दाढेखालचा दाणा

कोट शिवण्यात शिंपीमास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घेवड्यातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तो बायकोचा प्रांत. मागच्या अंगणात बांबूवर चढणारा, जांभळ्या ठिपक्यांच्या दाण्यांचा तो घेवडा तिच्या आजीपासून चालत आलेला. कुठल्याही दुकानात मिळायचा नाही. गेल्या वर्षी वेलाला शेंगा धरल्या आणि ती गेली. निदान तिचा घेवडा तरी जगवायचा, एवढंच मास्तरांनी मनाशी धरलं.

शेंगा वेलावर वाळल्या, त्यांनी सोलल्या, दाणे चादरीवर पसरले. बरणी भरण्याआधी बायको एक दाणा दाढेखाली धरायची. खूण उमटली तर दाणा अजून ओला. मास्तरांनीही धरला. खूण उमटली नाही. उमटणार कशी? तोंडात कवळी, तीही ढिली! पण हे या शहाण्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. भुंगे मरावेत म्हणून ती करायची तसंच त्यांनी सगळं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं.

पेरलेल्या चाळीस दाण्यांतून एकही उगवला नाही. ओल्या फडक्यात बांधलेले वीस कुजले. रोपवाटिकेतल्या माळ्याने एक दाणा चिरून पाहिला.

"मास्तर, ओलंच गोठवलंत की हो. कोंब मेलाय आतला. बरणीतलं सगळं असंच असणार."

मास्तरांनी मेहुणीला फोन लावला. "अगं, ताईने तुला बी दिलं होतं ना? चार दाणे असले तरी पुरे."

"भावजी, ते केव्हाच शिजवून खाल्लं. ताई दर वर्षी द्यायचीच की. मग ठेवायचं कशाला?"

बायकोने ज्यांना ज्यांना बी दिलं होतं, त्या सगळ्यांना त्यांनी विचारलं. सगळ्यांचं तेच. ती होती, म्हणून कुणी काही राखलंच नव्हतं.

ती गेली तेव्हा निदान हा वेल सांभाळायचा होता. आता तेही काम उरलं नाही, आणि ते आपल्याच हाताने घालवलं, हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणीतला घेवडा भिजत घातला आणि शिजवला. चवीला उत्तम झाला. दोन दिवस पुरला.