बाहेरून न ओढलेलं कुलूप

तैवानमधल्या थायनान शहरातल्या एका संस्थेत नवा सर्व्हर आला, तेव्हा युनशीने तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. पुडी हिरवीच हवी आणि मुदत उलटलेली नको, नाहीतर यंत्र रुसतं. तिने तारीख दोनदा पाहिली.

"नैवेद्य दाखवून झाला असेल तर कामाला लागा, बाईसाहेब," तिचे वरिष्ठ लोदादा म्हणाले.

नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांना ही संस्था लपवून ठेवायची. कोण कुठल्या घरी आहे ती यादी वेबपानावर दाखवणारी एक जुनाट स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, होती. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्या यादीत युनशीची थोरली बहीण शूहुआही होती. युनशीनेच तिला इथे आणलं होतं.

जुन्या सर्व्हरची तऱ्हा सरळ होती. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्येच एक छोटी फाईल, दारावरच्या चिठ्ठीसारखी: ऑफिसातल्यांना सोडा, बाहेरच्यांना पासवर्ड विचारा. युनशीने फोल्डर त्या चिठ्ठीसकट नव्या सर्व्हरवर नेला. आपल्या टेबलावरून पान उघडून पाहिलं, तर उघडलं. ऑफिसातून ते नेहमीच उघडायचं. लोदादांनीही आपल्या टेबलावरून पाहिलं, आणि दोघं जेवायला गेले.

मेला नवा सर्व्हर असल्या चिठ्ठ्या वाचतच नाही. त्याला सगळं मुख्य फाईलीत बजावावं लागतं. त्यामुळे पान बाहेरच्यांनाही पासवर्डाशिवाय उघडत होतं, पण ते बाहेरून उघडून पाहायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं ते शूहुआच्या नवऱ्याला. त्याने इंटरनेटवर बायकोचं नाव शोधलं आणि आयता पत्ता हाती लागला.

तो त्या घरी धडकला; शेजारच्यांनी पोलीस बोलावले म्हणून शूहुआ वाचली. तिचा हात मोडला. युनशीने त्याच दुपारी पासवर्डाचं कुलूप नीट बसवलं, मोबाइलवरून बाहेरून तपासलं. बैल गेला नि झोपा केला. तिला रडू येईना. स्वतःचा रागसुद्धा येईना.

"दोन घास खा गं," लोदादांनी भाताचा डबा पुढे सरकवला. तिने खाल्ला. चव कळली नाही.

काही दिवसांनी शूहुआचा फोन आला, नंबर लपवून.

"ताई, हात कसा आहे?"

"प्लास्टरमध्ये. जेवलीस का?"

"हो. कुठे ठेवलंय तुला?"

"ते कुणालाच सांगायचं नाही."

"मलाही?"

"तुला तर नाहीच. मीच सांगितलंय इथल्या लोकांना तसं."

"बरं केलंस," युनशी म्हणाली. ताईने फोन ठेवला, तरी ती तो कानाला धरून बसून राहिली.