चार टाळ्यांचं नाव

माझा स्वभाव चौकस आहे. आमची मदतनीस साखराबाई त्याला नाक खुपसणं म्हणते. पण चौसाळ्याच्या अंगणवाडीत पंधरा वर्षं पोरं सांभाळल्यावर, कुठलं पोर का रडतं आणि कुठलं खिचडीतले वाटाणे खिशात का घालतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या वर्षी वर्षाराणीनं मला पुरतं कामाला लावलं.

साडेतीन वर्षांची पोर, पण तोंडातून एक शब्द नाही. बीडला नेऊन कान तपासले होते. कान ठणठणीत. शेजारणींच्या सांगण्यावरून वेखंड उगाळून जिभेला लावून झालं होतं. तिची आई यशोधरा पोस्टात कामाला. पोरीला न्यायला आली की दारातच विचारायची, "वनिताताई, आज काही बोलली का?" मी मान हलवली की ती हसून दाखवायची. ते हसू मला बघवत नसे.

एक दिवस नावांचा खेळ घेतला. नावाचे जितके तुकडे पडतील तितक्या टाळ्या. माझं व-नि-ता, तीन. अं-गद, दोन. पोरांनी नुसता गोंधळ घातला. कोपऱ्यातून मात्र नीट चार टाळ्या आल्या. वर्-षा-रा-णी. मी परत तिचं नाव घेतलं, परत चार. मुद्दाम 'वनिता' म्हटलं. तीन!

"साखराबाई, ही बोलायली!"

"टाळ्या वाजवायली," साखराबाई म्हणाली आणि खिचडी ढवळायला लागली.

मी कसली ऐकते! प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं की पोराच्या कानात आधी ताल बसतो आणि तालावरून त्याला शब्दाचे तुकडे सापडत जातात. त्या तासाला मी डुलक्या घेत होते हेही खरं. आता मात्र रोज काहीतरी नवं करून बघायला लागले. गाणं म्हणायचं आणि ओळीचा शेवटचा शब्द गाळायचा. वर्षाराणी बरोबर त्या रिकाम्या जागी ताट वाजवायची. पंधरा दिवसांत वाजवताना तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. पण मला तेवढ्यानंच उधाण आलं.

मग मी घाई केली. पोरीनं घरीही वाजवायला हवं म्हणून बाजारातून छोटी हलगी आणली आणि कुणाला न विचारता तिच्या पिशवीत घालून दिली.

दुसऱ्या दिवशी पोर आली नाही, तिचे आजोबा आले. आश्रुबा. एसटीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. पेपरात गुंडाळलेली हलगी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, हे कावून दिलं?"

"तालानं बोलायला मदत होते, म्हणून..."

"माझ्या बापानं छप्पन साली ही खाली ठिवली. गावानं बलावलं की वाजवायची, ती बी उंबऱ्याभायेर उभं राहून. बौद्ध झाला आन् म्हनला, आपल्या घरात हिला परत कुनी हात लावायचा न्हाई. तुमी ती माझ्या नातीच्या पिशवीत घातली."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या घरी पोळ्याला हलगीवाले यायचे. ते अंगणाबाहेर वाजवायचे, आम्ही पोरं आत नाचायचो. जगाची चौकशी करणाऱ्या मला, ते आत का येत नाहीत हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. माझी मलाच शरम वाटली.

चार दिवस झाले तरी पोर येईना. आत्ता कुठे ओठ हलायला लागले होते. ती घरी बसली तर तेही थांबेल, अशी धास्ती मला लागली. शेवटी दुपारी मीच त्यांच्या घरी गेले. आश्रुबा ओसरीत बाजेवर बसले होते. वर्षाराणी पत्र्याच्या दारावर थापा मारत होती.

"आबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं. पण विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी बाजेवर सरकून जागा केली. मग म्हणाले, "बसा." आणि दाराकडे बोट केलं. "चार दिस झालं, हेच चाललंय. काय हाय हे?"

"तिचं नाव आहे."

त्यांनी पोरीकडे बघितलं. ओठांतल्या ओठांत नाव घेत बोटं मोजली.

"आन् माजं?"

"ती काय म्हणते तुम्हाला?"

"म्हनती कुठं! आमीच म्हनतो, आबा म्हन, आबा म्हन."

"मग दोन."

त्यांनी बाजेच्या लाकडावर दोनदा बोट वाजवलं. पोर थांबली, वळली आणि दारावर दोन थापा दिल्या.

"बाई, हलगी घरात येनार न्हाई," ते म्हणाले.

"नकोच."

"गान्याशी आमचं वाकडं न्हाई. घरात रोज वंदना हाय, जयंतीला गानी हायेत."

"मग ताट चालेल, डबा चालेल. तिच्या हाताखाली काहीतरी हवं, आणि समोर तुम्ही."

"पाठ चालंल?"

उत्तराची वाट न बघता ते बाजेवरून उतरले आणि इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर ओणवे झाले. पोर धावत आली. दोन थापा, ओठ हलले. परत दोन थापा, परत नुसते ओठ. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. आणि मग आलं, खरखरीत, अर्धवट, पण आलं.

"आ...बा."

मी मोठ्यानं रडले. लपवण्यासारखं काय त्यात? आश्रुबांचं तोंड जमिनीकडे होतं, ते मला दिसलं नाही.

शब्द काही परत आला नाही. पोर मात्र थापा देतच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सत्तरीला टेकलेला माणूस.

"आबा, उठा आता. कंबर धरेल."

"थांबा बाई," ते खालूनच म्हणाले. "तिचं बोलनं व्हायचं हाय अजून."