इंजिनला पाजलेलं नारळपाणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संतरामनं गाडीला किल्ली लावली, तर गाडीला अशी हुडहुडी भरली की पाहणाऱ्याला वाटावं, हिच्यावर गोधडी टाकावी. स्टेअरिंगमागं इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

मागच्या सीटवर त्याची बायको मंजुळाबाई पाय वर घेऊन बसली होती. पाय सुजलेले, बोट दाबलं तर खळगा तसाच राही. किडन्यांनी काम सोडल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला हिंगोलीला डायलिसिसला न्यावं लागे. आज दहाचा नंबर होता. मागं एकदा नंबर हुकला, तर बिचारी उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास मोजत राहिली होती.

"बंद करा मामा, बंद करा!" सून कोमल पदर खोचत घरातून धावली. गाडी तीच चालवायची. "दिवा लुकलुकून राहिला म्हंजे चालवायची न्हाई. इंजिन खराब व्हतं."

"मग शेजारच्या रूपसिंगची जीप सांगू का?"

"तो सासरवाडीला सोनं वाटायला गेला वाशिमला. अन् जीपमध्ये आत्याबाईला कोंबता येती का? थांबा जरा."

सोमेश्वरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पुण्याहून गाडीचा बिघाड मोबाईलवर दाखवणारं, काड्याच्या पेटीएवढं एक यंत्र पाठवलं होतं. कोमलनं ते स्टेअरिंगखालच्या खाचेत बसवलं आणि मोबाईलकडं पाहत राहिली. संतरामचा जीव टांगणीला लागला. दोन वर्षांमागं ह्याच पोरीला तो म्हणाला होता, 'बाईमाणसानं बाजारातून गाडी नेली तर लोक हसतील.' लोक हसले का नाही, ते त्याला आता आठवतही नव्हतं.

"तीन नंबरचा सिलेंडर मिसफायर," कोमल म्हणाली. "चार बैलांचा नांगर हाय मामा, अन् तिसरा बैल खाली बसला. ठिणगी पडून न्हाई राहिली तिथं."

"काल तर चांगली व्हती की!"

"म्हणूनच तर. काल काय झालं ते पाह्यलं पायजे."

संतरामची नजर खाली गेली. पुढच्या चाकावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढून बॉनेटच्या फटीत शिरत होती. त्याला कालची पूजा आठवली.

काल त्यानं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावून नारळ फोडला. नारळाचं पाणी आजवर मंजुळाबाईच्या पेल्यात जायचं. तिच्या फार आवडीचं. पण किडन्यांमुळं डॉक्टरनं ते तिला बंद केलं, आणि तेव्हापासून तिच्यादेखत घरातलं कोणीच ते तोंडाला लावत नव्हतं. वाटीतलं पाणी मातीत ओतायला संतरामचा हात धजेना. त्याला वाटलं, हिला जी गाडी नेते आणि माघारी जितीजागती आणते, तिचाच ह्याच्यावर हक्क. कोणी पाहत नाही असं बघून त्यानं बॉनेट उचललं आणि वाटी इंजिनच्या माथ्यावर ओतली. वर हातही जोडले.

आता लपवून चालणार नव्हतं. आठ वाजून गेले होते.

"कोमल," तो खाली मान घालून म्हणाला, "म्या त्याला नारळाचं पाणी पाजलं."

"कोणाला?"

"इंजिनला."

कोमलनं बॉनेट उचलून आत पाहिलं. म्हणाली, "तरीच! म्हटलं, मुंग्या काहून गाडी रिपेर करून राहिल्या. आणा सायकलचा पंप. अन् मऊ फडकं."

तिनं दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला, वायरचं टोक सोडवलं आणि ठिणगी पाडणारी तिसरी कॉईल अलगद वर ओढली. कॉईलचा रबरी पाय चिकट, ओला, मुंग्यांनी भरलेला. खालच्या खळग्यात पाणी साचलं होतं. तिनं काडीला फडकं गुंडाळून ते टिपलं, आधी ओल्या फडक्यानं गोडवा पुसला, मग कोरड्यानं. संतरामनं पंपानं हवा मारली. मुंग्या त्याच्याच मिशीवर उडाल्या, पण त्यानं हात थांबवला नाही. कॉईल पुसून उन्हात धरायचं काम मंजुळाबाईनं मागून घेतलं. "मला बसूनच राह्यचंय. द्या हिकडं," म्हणाली, आणि पदरानं वारा घालत राहिली.

तासाभरानं कॉईल जागेवर बसली. कोमलनं मोबाईलवरून बिघाडाचा कोड पुसला आणि किल्ली फिरवली. गाडी एका सुरात चालू झाली. दिवा उगवला, क्षणभर राहिला, आणि गेला. परत आला नाही.

"मला चालत न्हाई अन् हिलाबी चालत न्हाई," मंजुळाबाई सीटवर थोपटत म्हणाली. "दोघींचा डॉक्टर सारखाच दिसतो."

संतराम हसला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

दहाला पाच कमी असताना ते दवाखान्याच्या दारात होते. मंजुळाबाईचा नंबर पुकारला गेला, दार लागलं, आणि संतराम रस्त्यापलीकडं जाऊन हिरवंगार शहाळं घेऊन आला. ते त्यानं दोन्ही हातांनी सुनेपुढं धरलं.

"आत्याबाई आत हायेत, अन् मी हे पिऊ?" कोमलनं हात मागं घेतला.

"तिनंच सांगितलं आत जाताना. म्हणली, पाणी चुकीच्या तोंडात पडलं काल. ज्याचं हाय त्याला द्या."

कोमलच्या बोटांना अजून ग्रीसचा काळा डाग होता. तिनं शहाळं घेतलं. संतराम बाजूला पायरीवर बसला आणि ती पिईपर्यंत तिथंच बसून राहिला.