आजच्यापुरतं

"मॅडम, खातं का बंद केलं, त्याचं कारण म्हणून एजंटने तुमचं हे वाक्य दिलंय," तेजल म्हणाली आणि तिने स्क्रीन माधवीकडे वळवली.

माधवीने चष्मा लावला. 'खाते बंद : पेशंटला सिलिंडर नको असेल तेव्हा वापरा.' वाक्य तिचंच होतं.

अंबरनाथ पूर्वेच्या या छोट्या कंपनीतून घरोघरी ऑक्सिजन जायचा आणि तिथले फोन एकोणीस वर्षं माधवी घेत होती. गेल्या महिन्यात ते काम एआय एजंटकडे गेलं. तो मराठी बोलायचा, कॉम्प्युटरवरची कामंही स्वतःच करायचा. फक्त कुठलं बटण केव्हा वापरायचं, हे त्याला लिहून द्यावं लागे. सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलेल्या तेजलने सांगितलं होतं, "साध्या भाषेत लिहा. त्याला आपलं काहीच माहीत नाही, असं समजून." माधवीने दोन दिवस बसून एकतीस बटणांबद्दल लिहिलं. तिला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत तिने काही लिहावं, असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यात एका वेळची गाडी टाळायचं 'फेरी वगळा' होतं, आणि 'खाते बंद'ही होतं.

चामटोलीच्या जनूभाऊंकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिलिंडर जायचे. त्यांच्या बायकोची, सखूची, फुप्फुसं आकसत चालली होती. गेल्या मंगळवारचं त्यांचं बोलणं तेजलने लावलं.

"मना सिलिंडर नको. दोन भरलेले हान घरान."

"ठीक आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

"नाय, नाय. बेस."

एजंटने खातं बंद केलं. शुक्रवारी गाडी गेली नाही. जनूभाऊंनी संध्याकाळी फोन केला, तर या नंबरवर चालू खातं नाही, नव्या नोंदणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा, असं उत्तर मिळालं. पुन्हा केला, तेच. शनिवारी दुपारी शेवटचा सिलिंडर संपला. रिक्षातून बदलापूरला नेताना सखू वाटेतच गेली.

"तुम्ही काय केलं असतं?" तेजलने विचारलं.

"फेरी वगळली असती. जनूभाऊंचं नको म्हणजे आजच्यापुरतं. सहा वर्षं तेच चाललंय."

"हे लिहिलं नाहीत तुम्ही."

"हे लिहायचं असतं, हेच कळलं नाही गं."

तेजलने स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. "मी वाचलं होतं ते. मलाही काही खटकलं नाही," ती म्हणाली.

मालक भूपेशशेठ म्हणाले, "सिस्टीम एरर म्हणून लेटर पाठवून देऊ. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी रिकामे सिलिंडर आणायला टेम्पो चामटोलीला निघाला, तेव्हा माधवी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

जनूभाऊ ओट्यावर होते. आवाजावरून ती त्यांना उंच समजत होती. ते तिच्या खांद्याला लागतील एवढेच होते.

"मी माधवी. ऑफिसातली."

"फोनवाली ताई?" ते उठून उभे राहिले. "मना वाटला, तुमी नोकरी सोरली."

ती बसली. मग तिने सगळं सांगितलं. बटण काय, वाक्य काय, ते कुणी लिहिलं. काही लपवलं नाही. जनूभाऊ मान खाली घालून ऐकत होते.

"मंजे," ते थांबून म्हणाले, "मी नको बोललो, म्हनून ती गेली?"

"नाही हो, जनूभाऊ. तुम्ही बरोबरच बोललात. मी नीट लिहिलं नाही."

त्यांनी मान हलवली. ते कशाला, हे तिला कळलं नाही.

तिने पर्समधून कागद काढला. "आता असं लिहिलंय. वाचू?"

"वाचा."

"खाते बंद हे बटण आपणहून कधीही वापरू नका. 'नको' म्हणजे फक्त आजची फेरी नको, असं समजा. कायमचं बंद करायचंय का, ते वेगळं विचारा. हो म्हणाले, तरी आधी ऑफिसातल्या माणसाने घरी फोन करून खात्री करायची. खातं सापडलं नाही, तर चिठ्ठी मागण्याआधी घरात ऑक्सिजन किती उरलाय ते विचारा आणि लगेच माणसाला फोन जोडा."

जनूभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं.

"यान पयला लिवा," ते म्हणाले, "ती कशी हाय, ते इचारा. तुमी इचारायच्या. त्यानी येकदा पन नाय इचारला."

माधवीने पेन काढलं. कागदावर वरती थोडीच जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'आधी पेशंट कसा आहे, ते विचारा.'

जनूभाऊ आत गेले. ड्रायव्हर मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. एकेक सिलिंडर पोटाशी धरून त्यांनी स्वतः बाहेर आणला आणि टेम्पोत आडवा ठेवला. दोन्ही रिकामे होते. तरी त्यांनी ते हळूच ठेवले.