होमचं गाठोडं

शिंपीणबाईंचा कपड्यांचे पॅटर्न छापायचा रुंद कागदाचा नवा प्रिंटर आला आणि घरातल्या संगणकानं त्याला ओळख दाखवायलाच नकार दिला. संगणकावर बीएसडी नावाची जुनी प्रणाली होती. प्रिंटरला लिनक्स नावाची दुसरी हवी होती. दोघी युनिक्स नावाच्या एकाच कुळातल्या, तेव्हा बिऱ्हाड हलवायला कितीसा वेळ लागणार, असं यजमानांचं मत पडलं. यजमान पाणीखात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाचं मत पडायला कारण लागत नाही.

"अहो, माझे सगळे पॅटर्न त्यात आहेत," बाई म्हणाल्या. "उद्या गायनवृंदाचे सदरे कापायचेत. ती उभी कॉलर मला परत आखता यायची नाही."

"आपलं सगळं 'होम' नावाच्या कप्प्यात असतं. होमचं गाठोडं बांधून पेनड्राइव्हवर टाकलं की झालं!"

वर्षानुवर्षांच्या पॅटर्नचं गाठोडं डोळ्याचं पातं लवायच्या आत बांधून झालं. यजमान वेगावर खूश झाले. लिनक्स चढवताना संगणकानं 'जुनं सगळं पुसू का?' असं दोनदा विचारलं. यजमानांनी दोन्हीदा हो म्हटलं, दुसऱ्यांदा जरा वैतागूनच.

नवी प्रणाली उठली. प्रिंटर गुरगुरला. यजमानांनी गाठोडं सोडलं, तर आत एकच वस्तू: 'होम' नावाचा बाण, 'यूएसआर' कप्प्यातल्या 'होम'कडे बोट दाखवणारा. त्यांनी बाण दाबला. 'असं काही इथे नाही,' संगणक म्हणाला. ते स्वतः यूएसआरमध्ये जाऊन आले. तिथे खरंच नव्हतं. परत आले, तर बाण तितक्याच ठामपणे तिकडेच बोट दाखवत होता. यजमानांनी चष्मा पुसला. पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, परत खुपसला. बाण हलला नाही.

शेवटी त्यांनी मेहुणीला फोन लावला. जुनी प्रणाली तिनंच बसवून दिली होती.

"भाऊजी, त्या बीएसडीत होम म्हणजे नुसती पाटी. सामान यूएसआरच्या पोटात. तुम्ही पाटी तेवढी उचलून आणलीत."

"मग सामान?"

"डिस्क पुसलीत?"

यजमानांनी पेनड्राइव्हवर आणखी एक फुंकर मारली.

"दोनदा विचारलं असेल हो त्या लिनक्सनं!"

"पण सामान दुसरीकडे असताना पाटी इथे कशाला लावायची?"

"सामान सापडावं म्हणून, भाऊजी."

यजमानांनी फोन ठेवला.

बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी यजमानांकडे पाहिलं, पण चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे.

"काढा तो."

"काय?"

"सदरा. ती कॉलर आधी तुमच्यावरच करून बघितली होती."

यजमान बनियनवर आले. बाईंनी ब्लेडनं कॉलरची शिवण उसवली, तुकडे इस्त्रीनं सपाट केले आणि खाकी कागदावर टाचण्यांनी टाचून कडेनं पेन्सिल फिरवली.

"आणि बाकीचे पॅटर्न?" यजमानांनी हळूच विचारलं.

"ते गिऱ्हाइकांच्या अंगावर आहेत."

तेवढ्यात गायनवृंदाचे मास्तर सदऱ्यांची चौकशी करायला दारात आले. बनियनमधल्या यजमानांना पाहून थबकले.

"काय, फार उकडतंय का?"

"छे. बॅकअप चाललाय," यजमान म्हणाले.

मास्तरांना काही कळलं नाही. यजमानांनाही फारसं कळलेलं नव्हतं. बाईंनी मात्र कागदावरून मान वर केली, मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाल्या,

"या ना मास्तर, बसा. हा कोट मीच शिवला होता, नाही का?"